जोडावरचा साथिया

माझ्या तोंडाला पारोळ्यात सगळे वचकून असतात आणि मला ते आवडतं. भांड्यांचं दुकान चालवायचं तर तोंड लागतं. आमचे हे, प्रकाशचंद, गिऱ्हाइकाने नुसतं "काही कमी करा की" म्हटलं तरी मान खाली घालतात. मग आतून मला यावं लागतं. अठ्ठ्याण्णव साली याच तोंडाने मी एक परदेशी कंपनी वाकवली, त्याची ही गोष्ट. खरं सांगायचं तर एकट्या माझ्या तोंडाने ती वाकली नसती. ते पुढे येईलच.

सुरुवात माझ्या सासूबाईंपासून करावी लागेल. तारादेवी त्यांचं नाव, घरात आम्ही सगळे त्यांना बाईजी म्हणतो. बाईजी शनीला घाबरायच्या. तुम्ही-आम्ही घाबरतो तसं नाही. मागच्या साडेसातीत माझे सासरे दुकानात बसल्याजागी गेले. आमचे हे तेव्हा चड्डी घालून शाळेत जात होते. तेव्हापासून बाईजींनी शनिवारी उंबरा ओलांडला नाही. शनिवारी आमच्या दुकानात तवा विकला जायचा नाही, कढई नाही, लोखंडी झारासुद्धा नाही. समोर गिऱ्हाईक उभं आणि आम्ही म्हणायचो, उद्या या. दुसऱ्या दुकानाची वाट दाखवल्यासारखंच झालं ते.

आता त्यांची पुन्हा साडेसाती चालू होती, उतरतीची. आणि नेमका त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकायला लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी होळीच्या सुमारास सांगितलं की दिवाळीच्या आगेमागे काढून टाकू, फार थांबलात तर डोळा हातचा जाईल. बाईजींनी ऐकून घेतलं आणि पदर सारखा केला.

"शनी उतरला की बघू," त्या म्हणाल्या. "आत्ता हत्यार लावलं तर मी त्या टेबलावरून उठत नाही."

शनी उतरायला अजून अडीच वर्षं होती. मी भांडले, यांनी हात जोडले, डॉक्टर चिडले. बाईजी हलल्या नाहीत. रोज सकाळी त्या उजवा डोळा झाकून डाव्याने भिंतीवरचं घड्याळ बघायच्या आणि पुन्हा माळ ओढायच्या. एक दिवस मी विचारलं, काटे दिसतात का? म्हणाल्या, घड्याळ आहे एवढं कळतं.

दुर्बिणीचं माझ्या डोक्यात आलं ते जळगावमुळे. जळगाव माझं माहेर. त्याआधीच्या हिवाळ्यात मी तिकडे गेले असताना एका शाळेच्या पटांगणावर काही मंडळींनी दुर्बीण लावली होती, येईल त्याला शनी दाखवत होते. मी रांगेत उभी राहिले, डोळा लावला आणि बघतच राहिले. इवलासा, पिवळसर, आणि त्याच्याभोवती बाळाच्या हातातल्या वाळ्यासारखं कडं. मागची बाई ढकलायला लागली तरी मी हटेना. याच्या धाकाने आमच्या घरात शनिवारी तवा विकत नाहीत? हा बाईजींना एकदा तरी दाखवायचाच, असं मी तिथेच ठरवलं.

पण जळगावला पटांगणावर अंधारात परक्या लोकांत बाईजी येणार नव्हत्या. दुर्बीणच घरी यायला हवी होती. माझा धाकटा भाऊ सुरेशचंद सिंगापूरला एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आहे. त्याला मी फोनवर सांगितलं की यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला न्यायला येशील तेव्हा साडी नको, अत्तर नको, दुर्बीण आण. तो म्हणाला, ताई, बरी आहेस ना? पण आणली. चांगल्या नावाजलेल्या कंपनीची, एक वर्षाच्या वॉरंटीची.

तो आला आणि खोकं उघडलं, तशा बाईजी शेंदराची वाटी घेऊन आल्या. आमच्या घरात नवी वस्तू साथियाशिवाय वापरत नाहीत. साथिया म्हणजे स्वस्तिकच, पण बाईजींचा साथिया कुठेही काढलेला नसतो. मोठी तिजोरी, दागिन्यांची पेटी, जे रोज उघडायचं नाही त्याच्या जोडावर तो येतो, अर्धा झाकणावर आणि अर्धा अंगावर. तेलात खललेला शेंदूर सुकला की दगड होतो. दिवाळीला जुना खरवडायचा, नवा काढायचा. मधे मोडायचा नाही.

"यातलं काय उघडायचं नसतं?" बाईजींनी सुरेशचंदला विचारलं.

"पुढची काच. ती ज्या कडीत बसवलीय ती कडी कधी फिरवायची नाही," तो सहज बोलून गेला.

बाईजींनी बोट बुडवलं आणि कडी आणि नळीच्या बरोबर सांध्यावर ठसठशीत साथिया काढला. सुरेशचंदच्या हातात कॅमेरा होता, फोटो काढता काढता त्याचा चेहरा पडला. "बाईजी, वॉरंटीची वस्तू आहे हो," तो म्हणाला. बाईजी म्हणाल्या, "म्हणूनच."

त्या संध्याकाळी तृतीयेची कोर होती. आम्ही गच्चीवर दुर्बीण लावली आणि कोर बघितली, तर कोणी ओल्या बोटाने पुसल्यासारखी फरफटलेली. चांदणीकडे वळवली तर चांदणीला झाडूसारखी शेपटी. सुरेशचंदने सगळे खटके फिरवून बघितले, घामाघूम झाला. शेवटी बाईजींनी उजवा डोळा लावला, बघितलं आणि मागे सरकल्या.

"त्याला बघितलेलं चालत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "त्याने काच वाकडी केली."

मी म्हटलं, बाईजी, कारखान्यात चूक झाली असेल. पण त्या जिना उतरून गेल्या. जाताना भिंत चाचपत गेल्या, कारण डाव्या बाजूचं त्यांना दिसत नव्हतं. दुर्बीण दुरुस्त झाली नाही तर डोळा गेला, हे मला तिथे गच्चीवरच कळून चुकलं.

आखाजी झाली, सुरेशचंद परत गेला. यांनी सुचवलं की आपल्या वना घड्याळजीला दाखवू, तो कडी खोलून काच सरळ करून देईल. वनाचा हात चांगला आहे, मलाही पटलं. पण बाईजी आडव्या आल्या. दिवाळीआधी साथिया मोडायचा नाही, म्हणजे नाही. कडी फिरवली की साथिया दुभंगणार. माझ्या डोक्यात इतकी तिडीक गेली. तुमचाच डोळा वाचवायला निघालेय आणि तुम्हीच पायात पाय घालता, असं तोंडावर आलेलं गिळलं. माझ्यासारखीने गिळायचं म्हणजे काय ते माझं मला माहीत.

मग राहिली वॉरंटी. सिंगापूरच्या दुकानदाराला सुरेशचंदने गाठलं. तो म्हणाला, वस्तू इकडे आणा नाहीतर तिकडच्या प्रतिनिधीकडे जा. प्रतिनिधी मुंबईत. मुंबईवाले म्हणाले, वस्तू तिकडे घेतलीत तर तिकडेच जा. असा चेंडू इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. मी म्हटलं, ठीक आहे, आता माझ्याशी गाठ आहे.

बाजारात भटूचा एस.टी.डी. बूथ होता. मी दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तिथे जाऊन बसायची आणि मुंबईला फोन लावायची. साहेब जेवायला गेलेत, म्हणे. मग मी थांबते. साहेब मीटिंगमध्ये आहेत. मग मी थांबते. वॉरंटीच्या कागदावर सगळ्या देशांची नावं छापलीत, त्यात आपलं आहे, ते तुम्ही छापलंत की मी? असं मी विचारलं की तिकडचा माणूस फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा. मी आवाज चढवला की भटू काचेवर टकटक करायचा.

"वहिनी, हळू बोला. बठ्ठा बजार ऐकी राहिना," तो म्हणायचा. "मना फोन फुटी जाई."

मी म्हणायची, ऐकू दे. बाजार ऐकायला लागला तो लागलाच. पुढे पुढे लोक रस्त्यात विचारायला लागले, काय वहिनी, कंपनी नमली का? पावसाळा अर्धा सरला आणि एक दिवस मुंबईचा साहेब कंटाळून म्हणाला की आमचे इंजिनिअर धुळ्याला एका कॉलेजात सूक्ष्मदर्शकं दुरुस्त करायला येताहेत, तिथे आणून दाखवा, पण कबूल काही करत नाही. मी म्हटलं, कबूल तुम्ही नंतर कराल.

इंजिनिअर येणार त्याच दिवसाची मी बाईजींसाठी डॉक्टरांकडची वेळ घेतली. बुधवार होता, त्यामुळे त्या निघाल्या. निघताना हे कानाशी लागले, "तो शेंदूर तेवढा रॉकेलने पुसून टाक. बघितल्याबरोबर नाही म्हणेल तो." मलाही तसंच वाटत होतं. पण बाईजी दारात पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या हातचं त्यांच्या देखत पुसणं माझ्याने होईना. दुर्बीण गोधडीत गुंडाळली, एस.टी.त मांडीवर आडवी घेतली आणि आम्ही सासूसुना धुळ्याला गेलो.

डॉक्टरांनी डोळा तपासला आणि या वेळी चिडलेसुद्धा नाहीत. दिवाळीनंतर महिनाभरात नाही केलं तर मला विचारू नका, एवढंच म्हणाले. बाईजी म्हणाल्या, बरं. त्यांचं बरं म्हणजे नाही. बाहेर आल्यावर रिक्षात त्यांनी माझा हात धरला, रस्ता ओलांडतानाही कधी धरत नाहीत, आणि कॉलेज येईपर्यंत सोडला नाही.

इंजिनिअर प्रयोगशाळेत बसला होता, तरुण, चष्मेवाला, समोर सूक्ष्मदर्शकांची रांग. गोधडी सोडली आणि त्याची पहिली नजर गेली ती शेंदरावर.

"हे काय फासलंय?"

"पूजा केलीय," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. खिडकीकडे नळी धरून काचेत बघितलं, टॉर्च मारला, इकडून तिकडून फिरवलं. मग खाली ठेवली. "काच आतून तिरकी बसलीय. कारखान्यातून असं निघत नाही. तुम्ही कुठेतरी खोलून घेतलीत आणि परत लावताना बिघडली. खोललेल्या वस्तूला वॉरंटी नाही, बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, कोणी हात लावला नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे मी खोटं बोलते? तो म्हणाला, तसं नाही, पण पुरावा काय? आता आली का पंचाईत. न केलेल्या कामाचा पुरावा कुठून आणायचा? मी तोंडाचा पट्टा सोडणार, तेवढ्यात त्याने खिशातून रुमाल काढला आणि बोलता बोलता तो शेंदूर पुसायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," बाईजी म्हणाल्या. तोपर्यंत त्या स्टुलावर बसून होत्या. "तो जोडावर आहे."

इंजिनिअर थांबला. बाईजी उठल्या, टेबलाला धरून पुढे आल्या आणि त्याचंच बोट धरून साथियावर ठेवलं. "ही रेघ कडीवर सुरू होते. इथे नळीवर येते. तुटलीय का कुठे? माझ्या सासूबाई तिजोरीवर असाच काढायच्या. गावाला जाऊन आलं की आधी साथिया बघायचा. दार कोणी उघडलं असेल तर रेघ फुटलेली दिसते, परत जुळवता येत नाही. तुझी कडी फिरवल्याशिवाय खोलता येते का, सांग."

तो म्हणाला, नाही येत.

"मग बघ."

त्याने भिंग घेतलं आणि खाली वाकला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "आजी, आधी खोलून मग काढला नसेल कशावरून?"

मला तेवढंच हवं होतं. बिलाबरोबर मी सुरेशचंदने काढलेला फोटो आणला होता, तो टेबलावर ठेवला. फोटोत बाईजींचं बोट साथियावर, शेजारी सिंगापूरचं फोडलेलं खोकं, थर्माकोल अजून नळीला चिकटलेला, आणि कोपऱ्यात त्या कॅमेऱ्याने छापलेली पिवळी तारीख. मी म्हटलं, खोक्यातून निघताक्षणी काढलेला आहे. आता फिरवा कडी आमच्या समोर.

त्याने नळी घट्ट धरली आणि कडी फिरवली. कट्ट असा आवाज झाला, शेंदराची खपली उडाली आणि साथियाचे दोन तुकडे झाले. बाईजींनी डोळे मिटून घेतले. कडी निघाली. आत काच धरणारं दुसरं बारीक रिंगण होतं, ते आट्यात न बसता सरळ सरळ तिरकं ठोकलेलं. त्याने ते आम्हाला दाखवलं आणि चष्मा काढून पुसला.

"आजपर्यंत ही कडी कोणी उघडलेली नाही," तो म्हणाला. "म्हणजे हे आमचंच काम. चूक आमची आहे, आजी."

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्या पोराने इतकं सरळ कबूल केल्यावर भांडायचं कशाशी? मग मी त्याला घरचे शेव-लाडू दिले. बाईजींनी त्याला विचारलं, "वाकडी तुमच्या माणसाने बसवली? नक्की?" तो म्हणाला, नक्की. "दुसऱ्या कोणी नाही?" तो म्हणाला, दुसरं कोण बसवणार? परतीच्या एस.टी.त खिडकीजवळ त्या बसल्या आणि सोनगीर कुठल्या बाजूला राहिलं, किल्ला इथून दिसतो का, असलं काहीबाही विचारत राहिल्या. माझ्या लग्नापासून त्या एवढं बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

नवी काच कडीसकट आली ती नवरात्रात. तो इंजिनिअर कॉलेजच्या कामाला परत धुळ्याला आला तेव्हा स्वतः घेऊन आला; आम्ही नवरा-बायको दुर्बीण घेऊन तिकडे गेलो, त्याने आमच्या ह्यांच्या देखत बसवली आणि म्हणाला, आजींना सांगा, आता खुशाल काढा. वॉरंटीत झालं, सगळं वॉरंटीत. पारोळ्याला परत आल्यावर मी बाजारातून दुर्बीण उघडी हातात धरून आणली. गोधडी बगलेत. भटू बूथमधून बाहेर आला आणि म्हणाला, "वहिनी, नमाडी का कंपनी?" मी म्हटलं, नमवली.

पण बाईजी म्हणाल्या, आज नको, उद्या. उद्या म्हणाल्या, आभाळ आहे. असं करत करत धनतेरस आली, आणि ती आली शनिवारी. दुकानात गर्दी उसळली होती. बाईजींनी दिवे लावले, पूजा केली, आणि मी आशा सोडलेली, तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "बीनणी, तो आज दिसेल का?" बीनणी म्हणजे सून. मी हातातली कणीक तशीच टाकली.

यांना मी गल्ल्यावर ठेवलं आणि बाईजींना हाताला धरून जिना चढवला. शनिवारच्या संध्याकाळी त्या उघड्यावर आलेल्या मी पहिल्यांदा बघत होते. पूर्वेला घरांच्या वर तो चढला होता, न लुकलुकणारा. दुर्बिणीत आधी दोनदा भलत्याच चांदण्या आल्या. मग तो आला. स्वच्छ. कड्यासकट. मी बाजूला झाले.

बाईजींनी आधी हात जोडले, मग उजवा डोळा लावला.

खाली बाजारात फटाके वाजत होते. बाईजी बघत राहिल्या. मी विचारलं, दिसतोय का? त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"एवढासा आहेस तू?" त्या म्हणाल्या. "आणि कडं घालून बसलायस."

मग सरळ झाल्या, डोळे पुसले, पुन्हा वाकल्या, पुन्हा बघितलं. "हा कोणाकडे बघत नाहीये गं. आपला आपला चाललाय. यांना याने नाही नेलं." यांना म्हणजे माझ्या सासऱ्यांना. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून सासऱ्यांचा विषय मी कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही दोघी रडलो, चांगल्या घळाघळा रडलो. खाली हे ओरडत होते की लोखंडी कढई मागताहेत, शनिवार आहे, काय सांगू?

बाईजी कठड्याशी गेल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, "दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला डॉक्टरांना फोन लावायला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर कधीही या. मी ते घरी येऊन सांगितलं तर म्हणाल्या, शनिवार रिकामा आहे का विचार. मी परत भटूकडे गेले.

शनिवारी ऑपरेशन झालं. रविवारी पट्टी निघाली तेव्हा मी समोरच होते. बाईजींनी उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सेकंदाचा काटा फिरतोय, म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुझ्या कानाशी केस पांढरे झालेत, कधी झाले?

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, आजी, आत भिंग बसवलंय, परदेशी आहे, एक नंबर. आता काळजी करू नका.

बाईजींनी पदर सारखा केला. "परदेशी आहे ना," त्या म्हणाल्या, "मग वॉरंटीचा कागद द्या. आणि सरळ बसवलंय का, ते आमची बीनणी बघून घेईल."

डॉक्टर हसायला लागले. मी नाही हसले. मी खुर्ची ओढून त्यांच्या टेबलासमोर बसले आणि म्हटलं, लिहा.